जपानी महिला कुस्ती: तोशियो यामादाला तिच्या वाट्याचं श्रेय का मिळत नाही?

कोपरखळी

जपानच्या महिला कुस्तीचा विषय निघाला (ऑलिंपिकवाली नव्हे, डब्ल्यूडब्ल्यूईच्या जातकुळीतली) की तीच चार नावं पुढे येतात: मानामी तोयोता, आकिरा होकुतो, आजा कॉन्ग, बुल नाकानो. चौघीही थोर, त्याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं पाचवीबद्दल आहे. तोशियो यामादा.

ओळख थोडक्यात. ऑल जपान विमेन्स ही त्या काळातली जपानमधली महिला कुस्तीची सगळ्यात मोठी कंपनी, प्रेक्षकांच्या भाषेत झेंजो. १९८७ च्या तुकडीत तोयोता आणि यामादा दोघी तिथे दाखल झाल्या. तोयोता दोरांवरून उडणारी, यामादा जमिनीवर पाय रोवून लाथा घालणारी. पुढे दोघींची जोडी जमली आणि त्या टॅग, म्हणजे जोड्यांच्या कुस्तीतल्या, चॅम्पियन झाल्या.

आता २६ नोव्हेंबर १९९२, कावासाकी. समोर जेडब्ल्यूपी या छोट्या कंपनीच्या डायनामाइट कान्साई आणि मायुमी ओझाकी. कान्साई म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात जड हातापायांच्या बायकांपैकी एक. तीन फेऱ्यांपैकी दोन जिंकायच्या अशी लढत, चाळीस मिनिटांच्या आसपास चालली. लोक ती तोयोतासाठी बघतात. मी म्हणतो, एकदा फक्त यामादाकडे बघा. कान्साईची लाथ छातीवर बसते, यामादा मागे न सरकता हनुवटी वर करून उभी राहते आणि तितक्याच जोराने परत देते. कान्साई किती खतरनाक आहे हे आपल्याला कळतं ते यामादाच्या अंगावरून. नुसतं उडून ते कळलं नसतं.

तर प्रश्न असा: ही बाई कुठल्याच यादीत का नसते?

पेरूची फोड

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. मला फक्त जॉन सीना माहीत आहे.

मठ्ठ_ताक

धाग्याच्या मूळ गृहीतकालाच माझा विरोध. यामादा दुर्लक्षित नाही, ती कावासाकीच्या लढतीतल्या चौघींत चौथी आहे, इतकंच. त्या लढतीत तोयोताचा वेग आहे, कान्साईचा दणका आहे, ओझाकीचा कावेबाजपणा आहे. यामादाकडे काय आहे? लाथा. त्या कान्साईकडेही आहेत आणि जास्त जोरात आहेत.

दुर्लक्षित म्हणायचंच असेल तर ओझाकीला म्हणा. चौघींत सगळ्यात लहान चणीची, पण लढतीची कथा तीच पुढे नेते. मार खाणार ती, डोळ्यात बोट घालणार ती, जोडीदारणीला ऐन वेळी वाचवणार ती.

कोपरखळी

@मठ्ठ_ताक, ओझाकी दुर्लक्षित? तिची स्वतःची कंपनी आहे! ओझ अकॅडमी १९९८ पासून चालू आहे. कान्साईने ऑगस्ट १९९५ मध्ये आजा कॉन्गकडून लाल पट्टा घेतला. लाल पट्टा म्हणजे झेंजोचं सर्वोच्च विजेतेपद, आणि तोही बाहेरच्या कंपनीतून येऊन. त्याच डिसेंबरात तोयोताने तो तिच्याकडून परत आणला. चौघींचा हिशोब मांडा: दोघींना लाल पट्टा, एकीला कंपनी. यामादाच्या नावावर लाल पट्टा एकदाही नाही.

रंकाळा_काठ

लेख बरा आहे, पण आम्हा कोल्हापूरकरांना एक शंका. ह्यो सगळा मामला नुरा कुस्तीचाच ना? निकाल आधी ठरलेला. मग कोण जास्त जोरात लाथ मारते ह्याचं कवतिक कशाला करायचं? खासबागेत मातीत पाठ लागली की लागली, तिथं कुणी लिहून देत नाही.

(ह. घ्या. मुद्दाम काडी टाकली आहे.)

डोंबलाचा_जाणकार

काडी टाकलीत तर घ्या उत्तर.

निकाल ठरलेला असतो, मार ठरलेला नसतो. म्हणजे असं: लाथ पायाच्या बोटांनी नाही, नडगीच्या सपाट भागाने मारतात. नडगीवर पॅड असतं. निशाणा छाती, मांडी किंवा पाठीचा वरचा भाग, जिथे मांस आहे. आवाज मोठा येतो, हाड मोडत नाही. पण "मोडत नाही" आणि "लागत नाही" यात फरक आहे. जपानी पद्धतीत अंतर राखून मारल्याचं नाटक करणं कमीपणाचं समजतात. दुसऱ्या दिवशी छाती काळीनिळी दिसणारच.

कान्साईचा हुकमी डाव स्प्लॅश माउंटन. नव्वदच्या दशकात ट्रम्प कार्ड खेळलेल्यांना रेझर रामोन आठवत असेल. तो समोरच्याला दोन्ही हात पसरलेल्या अवस्थेत डोक्याच्या वर उचलायचा आणि फेकून द्यायचा. कान्साई तसंच उचलते, पण फेकत नाही, स्वतः खाली बसता बसता आपटते. त्यामुळे सगळा भार खालचीच्या मानेवर आणि खांद्यांवर येतो. इथे उचलणारीइतकंच पडणारीचं कसब लागतं. हनुवटी छातीला लावायला अर्धा क्षण उशीर झाला तर संपलं.

म्हणून मला कोपरखळींचा मुद्दा पटतो. जड हाताच्या प्रतिस्पर्ध्यासमोर उभं राहणं हे निम्मं काम आहे, आणि त्या निम्म्या कामाला कोणी गुण देत नाही. क्रिकेटमध्ये नाही का, पहिल्या तासात नव्या चेंडूवर अंगावर चेंडू घेत पस्तीस धावा करणाऱ्याला विसरतात आणि चहापानानंतर शतक ठोकणारा पेपरात येतो.

सुलू_मावशी

मला हे सगळं वाचून कसंसंच होतंय. दोन मुली एकमेकींना काळंनिळं होईतो मारतात आणि आपण त्यात कसब शोधायचं? बघणारे सगळे पुरुषच असणार.

निशिकासाईकर

सुलू मावशी, तुमची शंका रास्त आहे, पण प्रेक्षकांबद्दलचा अंदाज चुकला. मी बरीच वर्षं तोक्योत आहे (निशि-कासाई, म्हणजे आपल्या लोकांचा अड्डा), म्हणून थोडं लिहिते.

ऐंशीच्या दशकात झेंजोचे प्रेक्षक मुख्यतः शाळकरी मुली होत्या. चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका यांची क्रश गॅल्स ही जोडी म्हणजे त्या मुलींचं सर्वस्व होतं. फुजी टीव्हीवर लढती दाखवायचे आणि जोडीची गाणीही निघायची. २८ ऑगस्ट १९८५ ला ओसाकात चिगुसा खलनायिका डम्प मात्सुमोतोकडून हरली आणि पैजेप्रमाणे रिंगमध्येच तिचे केस कापले गेले. तेव्हा स्टँडमध्ये मुली अक्षरशः धाय मोकलून रडत होत्या. चित्रफितीत त्यांचे चेहरे दिसतात. यामादा त्याच चिगुसाच्या धाटणीची. तेच आखूड केस, तशाच लाथा.

पुरुष प्रेक्षक वाढले ते नव्वदच्या दशकात, कंपन्यांच्या आपापसातल्या लढती सुरू झाल्यावर.

बाकी कंपनीचा कारभार मात्र मावशी म्हणतात त्याहून वाईट होता. दारू नाही, सिगरेट नाही, पुरुष नाही असे तीन निषेध, आणि पंचविशीला निवृत्ती. क्रश गॅल्सना १९८९ मध्ये ऐन भरात थांबावं लागलं. कंपनी मात्सुनागा बंधूंची, नियमही त्यांचेच.

सुलू_मावशी

पंचविशीला निवृत्ती?? आमच्या बँकेत पंचविशीला तर नोकरी लागायची.

लेले_नागपूर

केस कापण्यावरून आठवलं. कोपरखळी, तुम्ही यामादावर धागा काढता अन् १५ ऑगस्ट १९९२ चा उल्लेख नाही? काहून बा?

न पाहिलेल्यांसाठी सांगतो. कोराकुएन हॉल, तोयोता विरुद्ध यामादा, जी हरेल तिचे केस जातील. दोघी एकाच वर्षीच्या, एकमेकींच्या जोडीदारणी. तोयोता जिंकली. आता नेहमीच्या हिशोबाने विजेतीने हात वर करून मिरवायचं. इथे उलटंच. तोयोता रडायला लागली, यामादाचे केस कापू देईना, मध्ये पडून अडवत होती. बाकीच्यांनी धरून ठेवलं तिला. आणि यामादा? गुमान बसली. कापा म्हणाली.

त्या पाच मिनिटांत कोण मोठं दिसतं सांगा. जिंकलेली बाई हातपाय झाडते आहे आणि हरलेली शांत बसली आहे. मी तर तेव्हाच यामादाचा झालो.

मठ्ठ_ताक

लेले, तो प्रसंग भारीच आहे, नाही म्हणत नाही. पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. यामादाचा सगळ्यात गाजलेला क्षण हा तोयोताच्या विजयाचा क्षण आहे, आणि चर्चा होते तोयोताच्या रडण्याची.

लेले_नागपूर

मग तेच तर धागाकर्ता म्हणून राहिला!

पेरूची फोड

मला आता जॉन सीना आणि यामादा माहीत आहेत.

रंकाळा_काठ

जाणकारांनी चांगलं समजावलं. काडी मागे घेत नाही, पण जरा अवांतर भर घालतो.

बायकांच्या कुस्तीवर नुराचा आरोप आपल्याकडं जुना आहे. हमीदा बानू हे नाव किती जणांनी ऐकलंय? १९५४ मध्ये तिनं बडोद्यात बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत हरवलं. त्याच वर्षी मुंबईत वेरा चिस्तिलिन ह्या रशियन बाईला एक मिनिटाच्या आत पाडली. पुरुषांशी लढायची म्हणून लोकांनी दगडं मारली, आपल्या महाराष्ट्रात तिची एक लढत तालीम संघानं आक्षेप घेतल्यानं रद्द झाली. तिनं मोरारजी देसाईंकडं तक्रार केली. उत्तर आलं की बाई म्हणून बंदी नाही, आयोजक तुमच्यासमोर डमी उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. म्हणजे बाईनं पुरुष पाडला की पुरुषच खोटा!

निशिकासाईकर

@रंकाळा_काठ, काय योगायोग आहे बघा. त्याच १९५४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेची मिल्ड्रेड बर्क आपल्या पैलवान बायका घेऊन जपान दौऱ्यावर आली आणि इथल्या महिला कुस्तीने खरा जोर धरला. झेंजोची स्थापना पुढे १९६८ ची. इकडे टीव्ही मिळाला, कंपनी मिळाली, शाळकरी पोरींची गर्दी मिळाली. हमीदा बानूला यातलं काहीच मिळालं नाही.

डोंबलाचा_जाणकार

गाडी रुळावर आणतो. कान्साई-ओझाकी जोडीची पार्श्वभूमी कळल्याशिवाय ही लढत पूर्ण समजत नाही.

दोघी १९८६ मध्ये जपान विमेन्स प्रो-रेसलिंग या नव्या कंपनीच्या पहिल्याच कार्यक्रमात उतरल्या. कान्साई तेव्हा 'मिस ए' नावाने खेळायची. कंपनी जानेवारी १९९२ मध्ये बुडाली आणि तिचे दोन तुकडे झाले, त्यातला एक जेडब्ल्यूपी. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात या दोघी झेंजोच्या घरात शिरून झेंजोच्या टॅग चॅम्पियनना आव्हान देतात. प्रेक्षक झेंजोचे, रिंग झेंजोची. त्याच रात्री आजा कॉन्गने बुल नाकानोकडून लाल पट्टा घेतला, म्हणजे कार्यक्रम काही लहानसहान नव्हता.

यजमान २-१ ने जिंकले. पण पाहुण्या इतक्या जोरात मारून गेल्या की दुसरी लढत लावावीच लागली. ११ एप्रिल १९९३, ओसाका: कान्साई आणि ओझाकी जिंकल्या, झेंजोचे पट्टे बाहेर गेले. ६ डिसेंबर १९९३, र्योगोकु: तोयोता-यामादाने ते परत आणले. तिन्ही लढती तीन फेऱ्यांच्या.

या तिन्हींत कान्साईला रोखायचं काम कोणाकडे होतं? तोयोता तिच्याशी लाथांनी लढायला गेली तर लढत तिथेच मोडते. यामादा जाते, छातीवर घेते, कान्साईला तिथे अडकवून ठेवते, मगच तोयोताला दोरावर चढायला वेळ मिळतो. तोयोताच्या उड्यांचं भाडं यामादा भरते आहे.

कोपरखळी

हे शेवटचं वाक्य धाग्याच्या मथळ्यात टाकू का? अगदी हेच म्हणायचं होतं आणि मी चार परिच्छेद लिहीत बसलो.

मठ्ठ_ताक

वाक्य झकास, पण तीन लढतींचं श्रेय असं एका वाक्यात वळतं करता येत नाही. ओझाकीचंही हेच काम नाही का? ती तर वजनाने सगळ्यात कमी, आणि तिला यामादाच्या लाथा खायच्या आहेत. 'जड हाताचा प्रतिस्पर्धी' हे ज्याच्या त्याच्या उंचीवरून ठरतं. ओझाकीच्या दृष्टीने जड पायांची बाई म्हणजे यामादाच!

लेले_नागपूर

हे मात्र बरोबर बोलला बे.

सुलू_मावशी

मी काल यातली पहिली लढत बघितली. (नातवाने लावून दिली आणि स्वतः अभ्यास सोडून शेजारी बसला. त्याच्या आईला सांगू नका.)

आधी राग आला, मग गुंतले. नाव पुकारलं की लोक रंगीत कागदी फिती फेकतात, सगळी रिंग फितींनी भरून जाते आणि पोरी धावत येऊन त्या पटापट गोळा करून नेतात, ते बघायला फार मजा वाटली. आणि त्या यामादाबद्दल सांगायचं तर मला ती उंच केसांची... म्हणजे ती लांब केसांची उडणारीच जास्त आवडली. सॉरी हं कोपरखळी.

पण एक विचारते. या मुलींचं पुढे काय झालं? इतका मार खाऊन?

निशिकासाईकर

मावशी, याचं उत्तर सगळं गोड नाही.

होकुतोची मान १९८७ मध्येच मोडली होती. तीन फेऱ्यांची टॅग लढत होती, आणि मोडलेली मान स्वतःच्या हातांनी धरून तिने ती पूर्ण केली. लोक हे शौर्य म्हणून सांगतात. मला ते ऐकून कंपनीच्या लोकांचा संताप येतो. एकवीस वर्षांचीही नव्हती ती, रिंगच्या कडेला एकही मोठं माणूस "बस झालं" म्हणणारं नव्हतं?

आणि प्लम मारिको. जेडब्ल्यूपीचीच, कान्साई आणि ओझाकीबरोबर १९८६ पासूनची. ऑगस्ट १९९७ मध्ये हिरोशिमातल्या लढतीत ओझाकीच्या पॉवरबॉम्बनंतर (वर उचलून पाठीवर आपटायचा डाव) ती उठलीच नाही, दुसऱ्या दिवशी गेली. वय २९. डोक्याला आधीही बरेच मार बसलेले होते. जपानमध्ये रिंगमधल्या दुखापतीने गेलेली ती पहिली व्यावसायिक कुस्तीगीर मानतात. डाव नेहमीचा होता, चूक कुणा एकीची नव्हती, पण हे ओझाकी आयुष्यभर बरोबर घेऊन वावरते आहे.

त्यामुळे "लागतं, पण मोडत नाही" हे जाणकारांचं वाक्य बहुतेक वेळा खरं आहे. बहुतेक वेळा.

डोंबलाचा_जाणकार

मान्य. छातीवरच्या लाथेने सहसा कोणी मरत नाही. घात करतात ते डोक्यावर आणि मानेवर पडण्याचे डाव, आणि ते आठवड्यात कितीतरी वेळा, गावोगाव. नव्वदच्या दशकात सगळ्या कंपन्या एकमेकींवर कडी करायला लागल्या तेव्हा हेच डाव वाढले. यामादाच्या बाजूने हाही एक मुद्दा धरा हवा तर. तिची कुस्ती लाथांची होती.

पेरूची फोड

वातावरण एकदम गंभीर झालं. मध्येच विचारते, आत्ता हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर? मे महिन्यात जपानची सहल ठरते आहे.

निशिकासाईकर

कोराकुएन हॉल. सुइदोबाशी स्टेशनला उतरायचं, तोक्यो डोमच्या शेजारची इमारत, पाचवा मजला. लिफ्टने जाऊ नका, जिन्याने जा. जिन्याच्या भिंती चाहत्यांनी पेनाने, मार्करने लिहून लिहून खालपासून वरपर्यंत भरवल्या आहेत. एकावर एक इतके थर, की जुनं वाचता येत नाही आणि नवं लिहायला जागा नाही. आत गेलात की पावणेदोन-दोन हजार माणसांचाच हॉल, रिंग इतकी जवळ की लाथेचा आवाज स्पीकरमधून नाही, सरळ येतो.

पैलवान मेइको सातोमुरा २९ एप्रिल २०२५ ला याच हॉलमध्ये निवृत्त झाली, आणि तिच्या पहिल्या लढतीची जागाही हीच, १९९५ ची. शेवटच्या लढतीत समोर कोण असावं? आजा कॉन्ग! १९८६ मध्ये रिंगमध्ये आलेली बाई अजून उलट्या मुठीचा फटका मारते आहे.

स्टारडम, सेंदाई गर्ल्स, मॅरिगोल्ड, यातल्या कुठल्याही कंपनीचं तिकीट काढा. पण आधी तारखा बघा, हॉल रोज महिला कुस्तीचा नसतो, बॉक्सिंगही असतं.

रंकाळा_काठ

जिना बघायला तरी जायला पायजे. आमच्या तालमीच्या भिंतीवर फक्त 'थुंकू नये' लिहिलंय.

मठ्ठ_ताक

तीनही लढती या शनिवार-रविवारी परत पाहिल्या, यामादावर डोळा ठेवून. प्रामाणिक निरीक्षण देतो.

एक: कोपरखळींचं निम्मं बरोबर आहे. कान्साई समोर असताना यामादाचा चेहरा बदलतो. तोयोता मार खाताना किंचाळते, ओझाकी कळवळून लोळते, यामादा दात आवळते. त्यामुळे कान्साईचा दणका पडद्यावर दुप्पट दिसतो.

दोन: उरलेलं निम्मं पटत नाही. जिंकायची वेळ आली की कॅमेरा, प्रेक्षक आणि बहुधा स्वतः यामादाही तोयोताकडे बघते. लाल पट्टा न मिळण्याचं खापर कंपनीवर फोडता येईल, पण कंपनीने तिला कायम दुसरी ठेवलं आणि तिने ती जागा इतकी चोख सांभाळली की पहिलीसाठी कोणाला तिची आठवणच झाली नाही.

तीन: डिसेंबरची लढत सर्वोत्तम. यावर चर्चा नाही.

लेले_नागपूर

नोव्हेंबरची! पहिलीत जी अनोळखी माणसांची खुन्नस आहे ती तिसरीत नाही.

डोंबलाचा_जाणकार

नोव्हेंबर. +१

कोपरखळी

मठ्ठ_ताक, "चोख सांभाळली म्हणून आठवण झाली नाही" याला दुर्लक्षित नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तुम्ही तीन मुद्दे लिहून माझ्याच बाजूला येऊन बसला आहात.

आणि लढत ओसाकाची सर्वोत्तम, यजमान हरतात ती. तुम्ही तिघंही चुकलात.

मठ्ठ_ताक

बाजूला बसलोय, पण पाठ करून. ओझाकीवर वेगळा धागा काढतोय, तिकडे या भांडायला.

सुलू_मावशी

लिंक द्या रे इथे. आणि नातू विचारतोय, आजा कॉन्गची लढत कुठली आधी बघायची?